जांभळा सोमवार

१

सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला शहरातल्या सगळ्या नळांना जांभळं पाणी आलं.

फिकट, संशयाचा फायदा देता येईल असं नाही. चांगलं गडद, दाट, पक्क्या रंगाचं. आमच्या घरी ही बातमी बायकोने दिली. "तुमचा शर्ट धुतलाय," ती न्हाणीघरातून म्हणाली, "पण आता तो तुमचा वाटत नाही."

समोरचे मास्तर दाढी करायला बसले होते ते अर्धे जांभळे होऊन उठले. शाळेचे गणवेश गेले, दवाखान्यातल्या चादरी गेल्या. बेकरीवाल्याचे पाव आतून जांभळे निघाले. त्याने ते खास माल म्हणून दोन पैसे चढवून विकले. नगराध्यक्षबाई आयुष्यभर पांढऱ्याशिवाय दुसरी साडी नेसल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांचा नाइलाज झाला. दुपारपर्यंत दवाखान्यात पोट धरून चौदा मुलं आली, तेव्हा मात्र लोकांचं हसू थांबलं.

शहरात जांभळा रंग एकाच ठिकाणी होतो: कापडगिरणीच्या रंगखात्यात. पण गिरणीवर एकदम बोट ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. रस्ते गिरणीचे, दिवे गिरणीचे, दवाखाना गिरणीच्या देणगीचा. गिरणी नसती तर शहर नसतं, हे वाक्य आम्हाला बोलता येण्याआधी ऐकवलं जातं. गिरणी आधी आली, शहर मागाहून. नदीच्या पाण्यातही तोच क्रम. नदी आधी गिरणीला भेटते आणि तिथून शंभर पावलांवर शहराच्या जलकेंद्राला.

त्यावर तोडगा असा होता. आदल्या दिवशीचं रंगाचं पाणी गिरणी रोज सकाळी सहा ते साडेसहा नदीत सोडते. तेवढा अर्धा तास जलकेंद्र पाणी आत घेणारा आपला दरवाजा बंद ठेवतं. म्हणजे एकाने थुंकायचं आणि दुसऱ्याने तेवढा वेळ तोंड मिटून बसायचं. कागदोपत्री याला 'समन्वय' म्हणत. चाळीस वर्षं समन्वय बिनबोभाट चालला होता.

त्यामुळे गुन्हेगार शोधायला फार वेळ लागला नाही. नऊ वाजेपर्यंत ठरलं की जलकेंद्रातला पंपवाला ड्यूटीवर झोपला आणि दरवाजा उघडा राहिला. बावीस वर्षांची नोकरी, पंपघरामागच्या दोन खोल्या, बायको, दोन मुली. त्याला घरी बसवलं. गुरुवारी दुपारी पावणेदोनला सुनावणी. दोष सिद्ध झाला की नोकरी गेली, आठ दिवसांत खोल्याही रिकाम्या.

चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक झाली माझी. मी नगरपालिकेत आवक-जावक कारकून आहे. पण त्या दिवशी कार्यालयात पांढरा शर्ट घालून आलेला मी एकटाच होतो (एक धुवायचा राहिला होता), त्यामुळे मी निःपक्षपाती दिसत होतो.

हुकूम खिशात घालून पायऱ्या उतरलो, तर खाली घड्याळमावशी उभी.

"चौकशी तू करणार?"

"हो, मावशी."

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे मी करते. तू लिही."

२

घड्याळमावशीचं दुकान गिरणीच्या फाटकासमोर. दुकान म्हणजे दार लावलेलं कपाट. आत मावशी, एक दिवा, एक रेडिओ आणि सुटी पडलेली सत्तर-ऐंशी घड्याळं. वय सहासष्ट. उजव्या डोळ्यावरचं भिंग ती जेवताना काढते म्हणतात. मी पाहिलेलं नाही. पंपवाला तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. तो चार वर्षांचा असल्यापासून तिनेच त्याला वाढवला.

तिच्यावर शहराचा एक ठरलेला विनोद आहे. दुकानात मधोमध टांगलेलं तिचं स्वतःचं घड्याळ कायम सात मिनिटं मागे असतं. प्रत्येक गिऱ्हाईक एकदा तरी म्हणतं, "मावशी, जगाची दुरुस्त करता, घरचं राहिलं!" आणि मावशी म्हणते, "राहू दे, त्याला घाई नाही."

आम्ही जलकेंद्रावर पोचलो तेव्हा पंपवाला पायरीवर बसला होता. कामावरून काढलेला माणूस कामाच्या जागेपासून जितका लांब बसू शकतो, तितका. म्हणजे चार फूट.

"झोपला होतास?" मावशीने चप्पल काढायच्या आधी विचारलं.

"मावशी, तूसुद्धा?"

"मी विचारलं, म्हटलं नाही. सांग."

"भोंगा झाला, चाक फिरवलं, दरवाजा खाली पाडला. वहीत लिहिलं, सहा. मग त्या स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत बसलो. अर्धा तास. साडेसहाला दरवाजा उचलला, वहीत लिहिलं. बावीस वर्षं दुसरं केलंय काय मी?"

"उचलताना पाणी बघितलं नाहीस?"

"धुकं होतं. माझाच हात मला दिसत नव्हता, नदी कुठली दिसायला!"

मी वही पाहिली. बंद सहा, चालू साडेसहा. अक्षर गोल, खाडाखोड नाही. मावशीने भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवलं, कानाला लावलं, परत टांगलं.

"यंत्र ठीक आहे. हे तू लावतोस कशाला बघून?"

"भोंग्याला. सगळं शहर लावतं तसं. मग काय रेडिओला लावू?"

यावर मीही हसलो. आमच्याकडे रेडिओच्या बातम्या कधी वेळेवर लागत नाहीत. सकाळची गाडीही रोज पाच-सात मिनिटं उशिरा येते. सरकारी काम; त्याच्या जिवावर कोणी घड्याळ लावत नाही.

आतल्या खोलीत पंपवाल्याची बायको जमिनीवर भांडी मांडून बसली होती. बांधायला काढलेली, पण बांधत नव्हती.

"चहा टाकू?" ती म्हणाली. "पाणी टँकरचं आहे."

"टाक. आणि ती भांडी वर ठेव, सूनबाई."

"गुरुवारनंतर ठेवेन, मावशी. ठेवायला फळी राहिली तर."

परतताना मी म्हटलं, "मावशी, तुमचा भाचा सज्जन आहे. पण दरवाजा साडेसहापर्यंत बंद असता तर रंग आत शिरला कसा?"

मावशी थांबली. "तोच प्रश्न उलटा विचार," ती म्हणाली. "गिरणीने साडेसहाला बंद केलं असेल, तर रंग बाहेर आला कसा?"

३

मंगळवारी आम्ही गिरणीत गेलो. शहरात त्या दिवशी नळच सोडले नव्हते. टाक्या धुण्याचं काम चाललं होतं आणि लोक टँकरपुढे उभे राहून एकमेकांच्या शर्टांची तुलना करत होते.

व्यवस्थापकसाहेब अतिशय नम्र माणूस. इतका नम्र की त्यांच्याशी बोलून बाहेर पडल्यावर आपण कशावर सही केली हे आठवावं लागतं. त्यांनी गिरणीचं चित्र असलेल्या कपांतून चहा दिला.

"पंपवाल्याबद्दल मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण माणूस आहे, चुकणारच. म्हणूनच आम्ही परवा, रविवारी, पाणी सोडायचा दरवाजा स्वयंचलित करून घेतला. आता आमच्याकडे चूक करायला माणूसच ठेवलेला नाही."

दरवाजा दाखवायला इंजिनियर आला. कोवळा, महिन्याभरापूर्वी रुजू झालेला, आणि त्या यंत्राच्या इतका प्रेमात की त्याने एखादी मुलगी बघितली असती तर यंत्र दुखावलं असतं. नदीकाठी पोलादी पेटी होती, शिशाचं सील मारलेली. आत एक घड्याळ, आणि गोल कागदावर रेघ ओढणारी एक टोकदार लेखणी.

"हा सोमवारचा कागद," तो म्हणाला. "सहाला उघडला, साडेसहाला बंद. रेघ बघा. केसाइतकाही फरक नाही."

मी कागद पाहिला. पंपवाल्याची वही आठवली. बंद सहा ते साडेसहा, उघडं सहा ते साडेसहा. दोन्ही कागद एकमेकांत किल्लीसारखे बसत होते. आणि तरीही माझा शर्ट जांभळा होता.

"दोघांपैकी एक खोटं बोलतंय," इंजिनियर म्हणाला. "आणि खोटं बोलून यंत्राला काय मिळणार?"

मावशीचं लक्ष कागदावर नव्हतंच. ती त्याच्या मनगटाकडे बघत होती.

"झकास घड्याळ आहे. नवं?"

"नोकरी लागली म्हणून वडिलांनी दिलं."

"बरोबर चालतं?"

"आता चालतं. येताना प्रवासात सात मिनिटं मागे पडलं होतं. पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली. मग भोंग्याला लावलं, तेव्हापासून ठणठणीत."

"आणि या पेटीतलं घड्याळ कोणी लावलं?"

"ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनीच, तिकडेच. सीलबंद येतं. इथे हात लावला तर हमी जाते."

सोमवारपासून पहिल्यांदाच मावशी हसली. अगदी थोडं, पण भिंगामागचा डोळा चमकला. "मला भोंगा बघायचाय," ती म्हणाली.

मागे बशीचा आवाज झाला. व्यवस्थापकसाहेब आमच्या पाठीशी कधी येऊन उभे राहिले होते, कळलं नव्हतं. त्यांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला होता.

"भोंग्याचा काय संबंध?" त्यांनी विचारलं. आवाज नम्रच होता. फक्त जरा घाईत होता.

"काही नाही, साहेब. लहानपणापासून ऐकतेय. तोंड कधी पाहिलं नाही."

बॉयलरखान्यात भोंगेवाला होता. भोंग्याची साखळी पंचेचाळीस वर्षं ओढून त्याचे दोन्ही कान गेलेले. मावशीने ओरडून विचारलं, "दादा, भोंगा कशावर लावता?"

"छान आहे, छान आहे!" भोंगेवाला म्हणाला. "थोरल्या नातीला मुलगा झाला!"

मावशीने समोरच्या भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तेव्हा तो गंभीर झाला. "त्याला हात लावायचा नाही, बाई. हात माझा, वेळ साहेबांची."

फाटकाबाहेर आल्यावर मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "चुकले रे. तोंड जरा लवकरच उघडलं मी."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी नळाला पाणी कसं येतं बघ. स्वच्छ आलं, तर माझ्या पोराचं काही खरं नाही."

४

बुधवारी नळांना काचेसारखं स्वच्छ पाणी आलं.

दरवाज्यावर त्या दिवशी नगराध्यक्षबाईंचा धाकटा भाऊ होता. हा माणूस आजवर कुठल्याही कामावर टिकला नव्हता. पण भोंगा झाल्यावर त्याने चाक फिरवलं, अर्ध्या तासाने परत फिरवलं, आणि शहर आंघोळ करून मोकळं झालं. आता पुरावा आणखी कसला हवा? माणूस बदलला, पाणी बदललं. दहा वाजता गिरणीचं पत्र आलं: यंत्राचा कागद सोबत जोडला आहे; सोमवारी पंपचालक झोपला असला पाहिजे हे आता सिद्धच झालं आहे; तरी गिरणी त्याच्या कुटुंबाबद्दल सहानुभूती व्यक्त करते.

पंपवाल्याच्या बायकोने भांडी बांधायला घेतली.

मी दोन वाजायच्या सुमाराला मावशीच्या दुकानाकडे निघालो. जाताना वाक्य तयार करत होतो. 'मावशी, प्रयत्न तर केला आपण.' पण दुकानापर्यंत पोचताच येईना. बाहेर रांग होती. रांगेत बेकरीवाला, न्हावी, दवाखान्यातल्या नर्सबाई, समोरचे मास्तर. प्रत्येकाच्या हातात नाहीतर काखेत घड्याळ.

"काय झालं?" मी मास्तरांना विचारलं.

"अहो, कालपर्यंत ठीक होतं. आज सकाळपासून पुढे पळतंय."

"माझंही," नर्सबाई म्हणाल्या. "सात मिनिटं."

"तुमचं सात? माझंही सातच!" बेकरीवाला म्हणाला. "बघा, एकाच दुकानातून घेतल्याचा परिणाम."

बेचाळीस माणसं. बेचाळीस घड्याळं. सगळी सात मिनिटं पुढे. आणि एकालाही वाटेना की घड्याळाशिवाय दुसरं काही चुकलं असेल. भोंगा सहाला झाला की सहा वाजतात. या शहरात सहा वाजायची दुसरी पद्धतच नव्हती.

रांगेच्या शेवटी तीन माणसं पेट्या घेऊन उभी होती, घामाघूम. त्यांची सकाळची गाडी चुकली होती. "स्टेशनवर तक्रार लिहून आलो," त्यातला एक म्हणाला. "गाडी वेळेवर सुटली! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माणसाने भरवसा ठेवायचा कुणावर?"

मावशीने एकही घड्याळ उघडलं नाही. प्रत्येकाला एकच सांगत होती, "उद्या पावणेदोनला सभागृहात घेऊन या. काट्याला हात लावू नका. फुकट दुरुस्त करीन." फुकट म्हटल्यावर रांग समाधानाने पांगली.

तेवढ्यात दोनचा भोंगा झाला. माझी नजर सवयीने दुकानातल्या त्या मागासलेल्या घड्याळाकडे गेली. काटे दोनवर होते. बरोब्बर दोनवर.

"मावशी!" मी ओरडलो. "तुमचं घड्याळ सुधारलं!"

मावशीने भिंग काढलं. खरंच काढलं. माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी, फार प्रेमाने आणि फार दयेने पाहिलं.

"तुला चौकशी अधिकारी कोणी केलं रे?" ती म्हणाली. "जा, सूनबाईला सांग, भांडी सोड म्हणावं. गुन्हेगार सापडला."

५

गुरुवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्म्या शर्टांवर जांभळी झाक. मधल्या टेबलावर बेचाळीस घड्याळं टिकटिकत मांडलेली, त्यांच्या शेजारी मावशीचं घड्याळ आणि दुकानातला रेडिओ. नगराध्यक्षबाई जांभळ्या साडीत. पंपवाला कोपऱ्यात, बायकोमुलींसह, स्वच्छ दाढी करून. हरायचं तर नीट हरावं, असा.

व्यवस्थापकसाहेब सुंदर बोलले. भोंगा सहाला, यंत्र सहाला, मग चूक उरली कोणाची? मावशीने मध्ये एकच प्रश्न विचारला.

"साहेब, भोंगा बरोबर असतो ना?"

"बाई, पन्नास वर्षांत तो एका मिनिटाने हललेला नाही."

"लिही," मावशी मला म्हणाली. मी लिहिलं.

त्याच वेळी टेबलावरची घड्याळं दोन वाजल्याचे टोले द्यायला लागली. एकामागून एक, टण टण, सगळं टेबल. भिंतीवरच्या नगरपालिकेच्या घड्याळानेही दोन दिले. लोकांनी सवयीने माना वर केल्या आणि भोंग्याची वाट पाहिली.

भोंगा झाला नाही.

"थांबू या," मावशी म्हणाली आणि खाली बसली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. माझ्या आयुष्यात एवढी शांत नगरपालिका मी ऐकलेली नाही. तिसऱ्या मिनिटाला साहेबांनी रुमाल काढला. चौथ्याला बेकरीवाला पुटपुटला, "मेला का भोंगेवाला?" पाचव्या मिनिटाला इंजिनियर आपल्या मनगटाकडे बघत हळूहळू उभा राहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. सहाव्याला मावशीने रेडिओचं बटण फिरवलं.

सातव्या मिनिटाला रेडिओवर दोनच्या वेळेची पी-पी झाली, मावशीच्या घड्याळाने दोन टोले दिले, आणि गिरणीचा भोंगा झाला. तिन्ही एकदम.

"झालं," मावशी उठत म्हणाली. "आता सांगते. माझं घड्याळ कधीच मागे नव्हतं, बाई. मी ते रेडिओला लावते. रेडिओही कधी उशिरा नव्हता आणि गाडीही. आपला भोंगाच सात मिनिटं पुढे होता, आणि आपण सगळे त्याच्या मागे. परवा तो गुपचूप मागे घेतला, आणि काल बेचाळीस माणसं माझ्याकडे घड्याळ बिघडलं म्हणून आली."

"पण भोंगा पुढे कशाला ठेवतील?" नगराध्यक्षबाईंनी विचारलं.

मावशीने दाराशी उभ्या असलेल्या भोंगेवाल्याला खूण केली. आज त्याच्यापुढे मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी धरली होती, त्यामुळे नातीचा विषय निघाला नाही.

"पहिल्यांदा नदीच्या दोन बाजूंना दोन गिरण्या होत्या," तो ओरडून म्हणाला. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. "रोजंदारीची माणसं मधे पुलावर उभी. ज्याचा भोंगा आधी होईल त्याच्याकडे पळायची, चांगली माणसं त्याला मिळायची. मग आम्ही एक मिनिट पुढे घेतला. त्यांनी दोन घेतला. आम्ही तीन. असं करत करत सातावर आलो आणि ती गिरणी बुडाली. मागे घ्यायला कुणी सांगितलं नाही. आता मंगळवारी संध्याकाळी साहेब स्वतः आले, म्हणाले, काटा सात मिनिटं मागे घे, कुणाला बोलू नकोस. मी म्हटलं, मी कुणाला ऐकूच येत नाही—" तो थांबला. "म्हणजे मला कुणी."

सभागृहात हशा झाला, पण तो लवकर विरला. लोक हिशेब करायला लागले होते.

"सोपं आहे," मावशी म्हणाली. "रविवारपर्यंत गिरणीचा दरवाजाही भोंग्यावरच हाताने उघडायचे. दोघंही सारखेच चुकलेले, म्हणून सगळं बरोबर चाललं. रविवारी यंत्र आलं, आणि त्याच्या पोटात खरी वेळ. सोमवारी माझ्या पोराने भोंग्याच्या सहाला दरवाजा पाडला, भोंग्याच्या साडेसहाला उचलला. यंत्राचे साडेसहा वाजायला अजून सात मिनिटं होती. ती सात मिनिटं आपण प्यायलो. वही खरी, कागदही खरा."

"म्हणजे कुणाचाच दोष नाही!" व्यवस्थापकसाहेब पटकन म्हणाले. "दुर्दैवी तांत्रिक—"

"सोमवारी नाही," मावशी म्हणाली. "सोमवारी चूक झाली. गुन्हा मंगळवारी संध्याकाळी झाला. तुम्हाला कळलं होतं. म्हणून तर काटा मागे घेतलात. आणि बुधवारी सकाळी पत्र लिहिलंत, की हा माणूस झोपला होता."

साहेबांनी इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियरने वडिलांनी दिलेलं घड्याळ मनगटावरून काढलं, रेडिओला लावलं, आणि म्हणाला, "बाई म्हणतात ते खरं आहे. मी लिहून देतो."

पंपवाल्याची धाकटी मुलगी टाळी वाजवून मोकळी झाली, आणि मग सगळं सभागृह. बेकरीवाला बाकावर चढला. पंपवाला मात्र रडायला लागला. तीन दिवस त्याला फुरसत मिळाली नव्हती.

मावशी बसेना. तिने आवाज खाली जाईपर्यंत वाट पाहिली.

"आपल्याला सात मिनिटं रंग दिसला, तर चौदा पोरं आजारी पडली," ती म्हणाली. "पुढे तर तो रोज अर्धा तास जातो, चाळीस वर्षं. खालीही माणसं राहतात. त्यांचा दरवाजा कोण पाडतं?"

मी लिहायचं थांबलो होतो.

"गिरणी हवीच," मावशी म्हणाली. "माझी अर्धी गिऱ्हाइकं तिचीच. पण तिने आपली घाण आपल्या अंगणात धुवावी आणि मग पाणी सोडावं. मग वेळ कुठलीही असू दे."

नगराध्यक्षबाईंनी आपल्या जांभळ्या पदराकडे एकदा पाहिलं. त्या गिरणीच्या देणगीतून निवडून आल्या होत्या, हे शहराला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि साहेबांना सगळ्यात जास्त माहीत होतं.

"पंपवाल्याला आत्तापासून कामावर घ्या," त्या म्हणाल्या. "आणि गिरणीच्या दरवाज्याला आमचं सील मारा. पाणी स्वच्छ करायचे हौद बांधून होईपर्यंत एक थेंब नदीत जाणार नाही. रंगखातं तोवर बंद." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या एकवीस साड्या होत्या."

६

हौद सात महिन्यांत उभे राहिले. इंजिनियरने ते बांधले, आणि यंत्रापेक्षाही त्यांच्यावर जास्त प्रेम केलं. रंगखात्यातल्या माणसांना त्याच बांधकामावर घेतलं, त्यामुळे मध्ये कोणाची चूल थांबली नाही. गिरणी बुडेल असं सांगणारे पुष्कळ होते. ती बुडाली नाही. व्यवस्थापकसाहेबांची बदली झाली. जिथे झाली तिथे नदी नाही.

शहर सात मिनिटं मागे आलं, म्हणजे जगाबरोबर आलं. गाडी वेळेवर येते, याची लोकांना अजून सवय व्हायची आहे.

हौद सुरू झाले त्या दिवशी सकाळी सहा वाजता निम्मं शहर नदीकाठी उभं होतं. भोंगा झाला. गिरणीचा दरवाजा उघडला आणि पाणी बाहेर आलं. पाण्याच्या रंगाचं पाणी. खालच्या अंगाला, वळणाच्या पलीकडे राहणारी माणसं होडीतून आली होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने ओंजळीत पाणी घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

जलकेंद्रात मावशीशेजारी उभ्या असलेल्या पंपवाल्याचा हात सवयीने चाकाकडे गेला. मग तो थांबला, आणि वळून बघायला लागला.

"मावशी," तो म्हणाला, "दरवाजा पाडायचा नाही, मग रोज सहा ते साडेसहा मी करू काय?"

बावीस वर्षं तो अर्धा तास स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत आला होता. आतून त्याची बायको चहाचं भांडं घेऊन आली, नळाखाली धरलं, आणि फळीवरून तीन कप काढले.

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "घाई नाही."